बाइकला हॅझार्ड लाइट, म्हणजे चारही इंडिकेटर एकदम चालू होणारे, लावायचेत, डावी-उजवी वायर एका साध्या स्विचने जोडली तर चालेल का आणि इंडिकेटरची उघडझाप करवणारा रिले बदलावा लागेल का?

पहिल्याचं उत्तर, चालेल पण करू नका. दुसऱ्याचं, बहुतेक वेळा हो.

मी पण आधी तेच केलं होतं, डाव्या आणि उजव्या इंडिकेटरची वायर सोलली आणि मध्ये एक ऑन-ऑफ बटण टाकलं. चारही लागतात, पण हँडलवरचा स्विच डावीकडे किंवा उजवीकडे असेल तरच, मध्ये असेल तर काहीच नाही, कारण करंट त्या स्विचमधूनच पुढे येतो. आणि बटण बंद करायला विसरलं की पुढच्या वळणाला डावा दिला तरी चारही टकटक करतात, मागच्या माणसाला तुम्ही कुठे वळताय तेच कळत नाही. मला हे मागून कुणीतरी जोरात हॉर्न मारल्यावर समजलं आणि त्याच दिवशी ते बटण काढलं.

करंटचा रस्ता एकदा डोक्यात बसला की काम सोपं आहे. बॅटरी, फ्यूज, चावी, मग फ्लॅशर रिले, रिलेतून एक वायर हँडलच्या स्विचला आणि तिथून डावी किंवा उजवी. तुम्हाला रिलेतून बाहेर येणारी ती एक वायर एकाच वेळी दोन्ही बाजूंना द्यायचीय, पण हॅझार्ड बंद असताना दोन्ही बाजू एकमेकींपासून तुटलेल्या राहिल्या पाहिजेत. म्हणून सहा पिनांचा टॉगल स्विच घ्या. मधल्या दोन पिना एकमेकींना जोडून त्यावर रिलेची आउटपुट वायर आणा, एका टोकाच्या दोन पिनांवर एकीवर डावी आणि दुसरीवर उजवी वायर, समोरच्या दोन पिना रिकाम्या. एवढंच. वायरच्या रंगावर मात्र विसंबू नका, होंडात साधारण राखाडी रिलेची, नारिंगी डावी आणि आकाशी उजवी असते पण दुसऱ्या कंपनीत रंग वेगळेच, आणि जुन्या गाडीत आधी कुणी काय जोडून ठेवलंय सांगता येत नाही, त्यामुळे टेस्ट लॅम्प (वायरमध्ये करंट आहे का ते दाखवणारा छोटा दिवा) लावून बघूनच वायर कापा.

आता रिले. साधे १० वॅटचे बल्ब असतील तर एका बाजूला २० वॅट, चारही लागले की ४० वॅट, म्हणजे १२ व्होल्टला साधारण ३.३ अँपियर. जुना पत्तीवाला रिले दोनच बल्बच्या हिशोबाने बनवलेला असतो, पत्ती तापली की सर्किट तुटतं आणि गार झाली की जुळतं, त्यामुळे लोड दुप्पट झाला की ती लवकर तापते आणि लाइट भराभर उघडझाप करतात. माझा तर काही मिनिटांत हात लावता येणार नाही इतका तापला होता. एलईडी असतील तर उलटा त्रास, लोड इतका कमी की पत्ती तापतच नाही, आणि काही इलेक्ट्रॉनिक रिले बल्ब गेलाय असं समजून दुप्पट वेगाने टकटकतात. दोन्हीवर औषध एकच, लोडवर अवलंबून नसलेला इलेक्ट्रॉनिक रिले. तीन पिनांचा असेल तर बी ला चावीतून येणारा सप्लाय, एल ला आउटपुट, ई ला अर्थ, म्हणजे बॅटरीच्या मायनसची बाजू. वेग मिनिटाला ६० ते १२० च्या मध्ये असला की बरोबर.

एक गोष्ट बऱ्याच जणांना छळते. मीटरवर इंडिकेटरचा एकच दिवा असेल तर तो डाव्या आणि उजव्या वायरच्या मध्ये जोडलेला असतो, त्याला अर्थ मिळते ती पलीकडच्या बाजूच्या बल्बमधून. हॅझार्ड लावलं की त्याच्या दोन्ही टोकांना सारखाच व्होल्टेज, मग तो पेटत नाही, तो बिघाड नाही. पण एलईडी लावल्यावर त्याच दिव्यातून करंट पलीकडे जातो आणि एक बाजू दिली तरी चारही लुकलुकतात, स्विच कितीही बदला. तेव्हा त्या दिव्याला दोन्ही बाजूंकडून एकेक डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देतो तो) देऊन दुसरं टोक सरळ अर्थला न्या.

चावी बंद असताना हॅझार्ड चालावं म्हणून रिलेला थेट बॅटरीतून सप्लाय देतात काही जण. मी देत नाही. साधे बल्ब असले तर निम्मा वेळ बंद धरूनही सरासरी दीड अँपियरच्या वर जातं, बाइकच्या छोट्या बॅटरीला ते तास-दीड तासात झोपवतं आणि मग गाडी सेल्फवर सुरू होत नाही. द्यायचाच असेल तर बॅटरीजवळ ५ अँपियरचा वेगळा फ्यूज हवाच.

टेस्ट लॅम्पने वायर ओळखून झाल्या की कापायच्या आधी बॅटरीची मायनस काढा. जोड सोल्डर करून हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा, नुसती टेप पावसात सुटते. आणि हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा, वायर ताणली जात असेल तर ती काही महिन्यांत आतून तुटते आणि बाहेरून दिसत पण नाही, तेवढी सैल ठेवाच.

गाडी नवीन असेल आणि इंडिकेटर कंट्रोल युनिटवरून, म्हणजे गाडीच्या इलेक्ट्रॉनिक डब्यावरून, चालत असतील, वेगळा रिलेच सापडत नसेल, तर यातलं काहीही करू नका, वायर कापू नका.

आणि हॅझार्ड फक्त गाडी रस्त्यात अडकून उभी असेल तेव्हा. चालत्या गाडीवर, पावसात किंवा चौकात सरळ जायचंय म्हणून लावलं तर बाजूने येणाऱ्याला एकच लाइट दिसतो आणि त्याला वाटतं तुम्ही वळताय.