फाळके स्मारकासारखी समलिंगी व्यक्तींची स्मारकं जगात कुठे आहेत का?

आहेत, बरीच आहेत. मी नाशिकचाच. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळके स्मारक पाहताना पोरांना कळतं, की हा माणूस आपला. समलिंगी व्यक्तींच्या वाट्याला हा मान फार उशिरा आला.

मला सर्वांत भावतो तो मँचेस्टरच्या सॅकव्हिल गार्डन्समधला ॲलन ट्युरिंगचा पुतळा (२००१). उंच चौथरा वगैरे नाही. बाकावर बसलेला माणूस, हातात सफरचंद. शेजारी कुणीही जाऊन बसावं. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांचे गुप्त संदेश उलगडणाऱ्या या गणितज्ञाला १९५२ मध्ये समलिंगी संबंधांवरून दोषी ठरवलं गेलं. राजमाफी मिळाली २०१३ मध्ये, मृत्यूनंतर ५९ वर्षांनी! तिथल्या पाटीवर गणितज्ञ, संगणकशास्त्राचा जनक यांच्या जोडीला ‘पूर्वग्रहाचा बळी’ असंही कोरलंय. हे फार बरं केलं. नुसतं थोरपण लिहून भागवलं असतं, तर त्याच्यावरचा अन्याय पुन्हा झाकला गेला असता.

ॲम्स्टरडॅमचं होमोमोन्युमेंट (१९८७) कुणा एकाचं नाही. गुलाबी ग्रॅनाइटचे तीन त्रिकोण, त्यातला एक पायऱ्यांनी थेट कालव्यात उतरतो. नाझी छळछावण्यांत समलिंगी पुरुषांच्या कपड्यांवर गुलाबी त्रिकोण शिवत, त्यावरून हा आकार. लोक तिथे फुलं वाहतात. शिकागोच्या हॉलस्टेड स्ट्रीटवर तर २०१२ पासून ब्राँझच्या पाट्या आहेत, रस्त्याने जाता जाता चरित्रं वाचावीत.

आपल्याकडे समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमातून सुटका करणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकालच २०१८ चा. पुतळ्याचं पुढे पाहू. आधी आपल्या सार्वजनिक वाचनालयात या विषयावर एखादं प्रदर्शन भरावं, असं मला मनापासून वाटतं.