जुनी फोर बाय फोर घेतल्यावर कोणतं ऑइल केव्हा बदलायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही साताऱ्यात राहता, ७० हजार किलोमीटर झालेली डिझेल फोर बाय फोर घेतली आहे, आधीच्या मालकाकडे सर्व्हिसचा एकही कागद नाही. गॅरेजवाला म्हणतो इंजिन ऑइल बदला, बाकीची ऑइलं लाइफटाइम असतात. तुम्हाला बामणोली, तापोळा, कोयनेच्या बाजूला फिरायचंय. मग काय केव्हा बदलायचं, आणि पावसाळ्याआधी की नंतर?

कागद नसेल तर सगळं एकदा बदलून टाका. इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांकडे वाटणारी गिअरांची पेटी), पुढचं आणि मागचं डिफरन्शियल (वळणावर डाव्या-उजव्या चाकाला वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर), ब्रेक, क्लच, कूलंट, सगळं. एकदा खिशाला चाट बसेल, पण तिथून पुढचा हिशोब तुमच्या हातात राहील. तारीख, किलोमीटर आणि टाकलेल्या ऑइलचा ग्रेड वहीत लिहून ठेवा. 'लाइफटाइम'वर विश्वास ठेवू नका. झेडएफसारखी गिअरबॉक्स बनवणारी कंपनीच आपल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा ८ वर्षं झाली की बदलायला सांगते.

इंजिन ऑइलचं सगळ्यांना माहीत असतं. १० हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. माण-खटावच्या धुळीत रोज फिरणार असाल तर त्याआधीच बदला आणि एअर फिल्टरही बघा. डिझेलमध्ये नवं ऑइल चार दिवसांत काळं पडतं, त्याने घाबरू नका. गाडी बीएस-६ असेल तर मात्र डिपस्टिकवर लेव्हल वाढलेली दिसते का, ते अधूनमधून बघत जा. गावातल्या गावात छोट्या फेऱ्या झाल्या की डीपीएफची, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरची, सफाई अर्धवट राहते, काजळी जाळायला जादा सोडलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ होतं. अशा वेळी किलोमीटर मोजत बसू नका, ऑइल बदला.

खरी हेळसांड होते ती खालच्या ऑइलांची. दोन्ही डिफरन्शियल आणि ट्रान्सफर केस. साध्या गाडीचे ठोकताळे इथे चालत नाहीत, कारण तुमची गाडी पाण्यात उतरणार आहे. घाट उतरून गरम झालेलं हाउसिंग (या गिअरांची बाहेरची पेटी) ओढ्याच्या थंड पाण्यात शिरलं की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (पेटीतली हवा आत-बाहेर करायची वाट) किंवा झिजलेल्या सीलमधून पाणी आत ओढलं जातं. बाहेरून काहीच कळत नाही. ऑइल दुधाळ होतं, बेअरिंग आणि दात गंजायला लागतात, आणि काही महिन्यांनी मागून 'ऊं...' असा आवाज येतो तेव्हा खर्च हजारांत गेलेला असतो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेने आयर्विन पुलापाशी ५७ फुटांची पातळी ओलांडली, तेव्हा कितीतरी गाड्या दिवसच्या दिवस पाण्यात उभ्या होत्या. त्यानंतर एका ओळखीच्याच्या गाडीखाली मी स्वतः बघितलं आहे. इंजिन ऑइल बदललेलं, आतले सीट वाळवलेले, गाडी झकास चालत होती. मागच्या डिफरन्शियलचा प्लग सैल केला तर आधी नुसतं पाणी आलं, मग चहाच्या रंगाचा घट्ट लगदा. पाणी ऑइलपेक्षा जड, त्यामुळे तळाशी बसतं आणि आधी बाहेर येतं. म्हणून चाकाच्या मध्यापर्यंत पाण्यात गाडी घातली असेल तर त्याच आठवड्यात तिन्ही ठिकाणचे प्लग उघडून बघाच. ब्रीदरची नळी लांब करून इंजिनच्या वरच्या अंगाला नेऊन बांधणं हे कमी खर्चाचं काम आहे. जंगलात जाणाऱ्याने ते पहिल्यांदा करावं.

पाण्यात जात नसाल तर ही ऑइलं ४० हजार किलोमीटर किंवा दोन वर्षं चालतील. दरवर्षी चिखल-पाणी असेल तर मी वर्षाला एकदा म्हणतो, किलोमीटर कितीही झालेले असोत.

काम करताना शेजारी उभे राहा. गाडी आठ-दहा किलोमीटर चालवून ऑइल कोमट करून न्या आणि सपाट जागेवर लावा. आधी वरचा, भरायचा प्लग सैल करायला लावा, मगच खालचा. वरचा गंजून अडकला आणि खालून सगळं ऑइल निघून गेलं, तर गाडी जागेवरून हलत नाही. निघालेलं ऑइल दोन बोटांत चोळून बघा. प्लगच्या चुंबकाला लागलेला मऊ करडा गाळ ठीक आहे. नखाला टोचणारे तुकडे असतील तर ऑइल बदलून भागणार नाही, हाउसिंग उघडावं लागेल. वायसर नवा घ्या, आणि वरच्या भोकातून ऑइल ओघळायला लागेपर्यंत भरा.

आता ग्रेड. अनेक ठिकाणी एकच '९० नंबर'चा डबा सगळीकडे ओततात. डिफरन्शियलच्या हायपॉइड, म्हणजे एकमेकांवर घासत फिरणाऱ्या तिरक्या दातांना जीएल-५ दर्जाचं गिअर ऑइल लागतं. पण त्यातल्या गंधक-फॉस्फरसच्या जास्त मिश्रणाने काही गिअरबॉक्सच्या पितळी सिंक्रो रिंगा (गिअर टाकताना वेग जुळवणाऱ्या) खराब होतात, तिथे जीएल-४ सांगितलेलं असतं. काही ट्रान्सफर केसमध्ये गिअर ऑइल, तर काहींत ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ ऑइल जातं. मागे लिमिटेड स्लिप (एकच चाक नुसतं गरगरू न देणारं डिफरन्शियल) असेल तर त्याचं ऑइल वेगळं. गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तेच टाका, मिस्त्री कितीही अनुभवी असला तरी.

ब्रेक ऑइल दोन वर्षांनी, गाडी उभी असली तरीही. ते हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ दर्जाचं नवं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, ३.७ टक्के पाणी मुरलं की हीच हमी १५५ अंशांवर येते. केळघर किंवा कुंभार्ली उतरताना सतत ब्रेकवर पाय राहिला तर ते उकळून वाफ होते आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं. हायड्रॉलिक क्लचलाही बहुधा हेच ऑइल असतं, त्याच वेळी बदला. पॉवर स्टिअरिंगचं ऑइल काळपट, जळकट वासाचं झालं की बदला.

कूलंट हिरवं, जुन्या पद्धतीचं असेल तर दोन वर्षं, लाँग लाइफ असेल तर पुस्तकातला काळ. निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी अजिबात नको, रेडिएटरमध्ये क्षार धरतात. शिवाय महाबळेश्वरच्या उंचीवर साधं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. दोन प्रकारची कूलंटं मिसळू नका, आणि इंजिन गरम असताना झाकणाला हात लावू नका.

महिन्यातून एकदा कच्च्या किंवा ओल्या रस्त्यावर फोर-हाय (चारही चाकांना ताकद, नेहमीच्या वेगासाठी) लावून थोडं अंतर सरळ चालवा, म्हणजे ट्रान्सफर केस आणि पुढच्या डिफरन्शियलमध्ये ऑइल सगळीकडे फिरतं. थार, जिप्सी, जिम्नीसारख्या पार्ट-टाइम, म्हणजे फोर बाय फोर गरजेपुरतंच लावायच्या गाडीत कोरड्या डांबरावर, वळणावर हे करू नका. मध्ये डिफरन्शियल नसल्याने पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडतात आणि ताण गिअरांवर येतो.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: सगळं बदलायचं ते पावसाळ्याआधी, ब्रेक आणि ब्रीदर सगळ्यात आधी. दिवाळीच्या सुमारास दोन्ही डिफरन्शियल आणि ट्रान्सफर केसचे प्लग उघडून फक्त रंग बघा. ऑइल स्वच्छ असेल तर प्लग लावून टाका, दुधाळ असेल तर त्याच दिवशी बदला आणि पाणी कुठल्या सीलमधून आलं ते शोधायला लावा.