एचआयव्ही असलेल्या भावाच्या जिभेवर पांढरा थर आलाय, काय असेल?

बहुतेक कॅन्डिडा, म्हणजे बुरशीच. ती बऱ्याच निरोगी लोकांच्या तोंडातही थोडीफार असते पण सीडी४ (रक्तातल्या रोगाशी लढणाऱ्या पेशींचा आकडा) घसरला, खासकरून २०० च्या खाली गेला, की तिला रान मोकळं मिळतं. फाटलेल्या दुधासारखे पांढरे ठिपके जिभेवर, गालाच्या आतून, चमच्याने खरवडले की निघतात आणि खाली लालभडक दिसतं, मग तिखट आमटीचा घास घेतला की डोळ्यात पाणी.

तोंडापुरतंच असेल तर डॉक्टर साधारण ७ ते १४ दिवस फ्लुकोनॅझोल, म्हणजे बुरशीवरची गोळी, देतात. पण गिळताना छातीत मधोमध दुखत असेल तर अन्ननलिकेत उतरलीये समजा, तिथे वरून लावायची औषधं पुरत नाहीत, गोळ्या १४ ते २१ दिवस लागतात. मेडिकलमधून आपल्या मनाने घेऊ नका हां, टीबीचं रिफाम्पिसिन चालू असेल तर फ्लुकोनॅझोलचा असर कमी होतो, तेव्हा सगळ्या गोळ्या डॉक्टरला दाखवा.

मूळ इलाज एआरटीच, म्हणजे एचआयव्ही दाबून ठेवणारी रोजची औषधं, सरकारी सेंटरला फुकट मिळते. एआरटी चालू असूनही परत परत होतंय तर डोस चुकतायत का बघा, व्हायरल लोड (रक्तात विषाणू किती आहे ती तपासणी) करून घ्या. आणि त्याचं ताट वेगळं काढायची काही गरज नाही.