'एवढे पैसे भरलेत, आता मजा करा!'

दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी संपली की समुपदेशक म्हणून माझ्याकडे एक तक्रार हमखास येते. घरं वेगळी, माणसं वेगळी, पण गाऱ्हाणं तेच. "आम्ही घरच्यांसाठी वेळ काढतो, फिरायला नेतो, हात आखडता घेत नाही, तरी कुणी खूश नसतं. मुलं फोनमध्ये, आमची दोघांची धुसफुस, आणि परत आलं की सगळे आपापल्या खोलीत. आमच्या घरातच काही बिघडलंय का?"

नाशिकच्या एक ताई हाच प्रश्न घेऊन आल्या होत्या. त्यांच्या परवानगीने लिहिते आहे आणि ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत. ताई नोकरी करणाऱ्या, यजमान एका कारखान्यात वरच्या हुद्द्यावर, मुलगा नववीत, मुलगी चौथीत, आणि सोबत सासूबाई, ज्यांचं माहेर येवल्याचं.

दिवाळीत हे पाच जण पाण्याच्या घसरगुंड्या वगैरे असलेल्या एका रिसॉर्टवर दोन दिवस गेले होते. खोल्या महाग होत्या. मुलगा पाण्यात उतरलाच नाही, खुर्चीत बसून मित्रांशी चॅट करत राहिला. वडील दोनदा सांगून गेले, तिसऱ्यांदा भडकले, "एवढे पैसे भरलेत, आता मजा करा की!" मुलाने टॉवेल फेकला आणि तो खोलीत निघून गेला. आजी म्हणाल्या, "मला कशाला आणलंत इथे?" धाकटी रडायला लागली. परतीच्या वाटेवर गाडीत कुणी कुणाशी बोललं नाही.

ताईंना वाटत होतं, मी मुलाचा फोन कसा सोडवायचा ते सांगेन. मी त्यांना आधी एवढंच विचारलं, की त्या दोन दिवसांत तुम्ही काय काय केलंत?

त्यांनी सांगायला सुरुवात केली आणि थांबता थांबेनात. आदल्या रात्री दशम्या आणि लसणाची चटणी, कारण आजींना बाहेरचं सोसत नाही. पाच जणांचे कपडे, धाकटीचा गाडी लागण्यावरचा डबा आणि गोळ्या, आजींच्या गुडघ्याचं तेल. गॅसचा कॉक बंद, कुंड्यांना पाणी, शेजारी किल्ली. तिथे पोचल्यावर कुणाला कुठली खोली, कुणाचा नाश्ता राहिला, ओले कपडे कुठे वाळत घालायचे. आल्यावर दोन बादल्या धुणं. मग मी विचारलं, "आणि तुम्हाला मजा कधी आली?" बराच वेळ त्या खिडकीकडे बघत होत्या. म्हणाल्या, "रात्री सगळे झोपल्यावर मी गॅलरीत एकटी बसले होते, तेव्हा."

इथे मला या प्रकरणाचं टोक सापडलं. त्या घरात सुट्टी होती, पण ताईंना नव्हती. त्यांचं घरकाम घराबाहेर, जास्त अडचणीच्या जागी चालू होतं. हे एका घराचं दुखणं नाही. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली वेळेच्या वापराचं देशभर सर्वेक्षण केलं. त्यात घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जातात, आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांची ९७, असं दिसलं. सहलीला गेल्यावर हे गणित उलटत नाही, फक्त त्याला 'फॅमिली टाइम' असं नाव पडतं. सुझन शॉ आणि डॉन डॉसन या कॅनडातल्या अभ्यासकांनी २००१ मध्ये यावर नेमकं बोट ठेवलं होतं. आईवडील कुटुंबाची करमणूक एखाद्या हेतूने आखतात, मुलांवर संस्कार व्हावेत, घर एकत्र राहावं म्हणून, आणि त्यामुळे ती त्यांच्यासाठी निवांत वेळ न राहता एक जबाबदारी होऊन बसते. माझ्याकडे येणाऱ्या आयांना हे सांगितलं की त्यांचे खांदे खाली येतात. आपण आनंदी नाही म्हणजे आपण वाईट आई, हा समज त्यांनी किती वर्षं उरात बाळगलेला असतो!

मुलाशी मी वेगळी बोलले. हे मी करतेच, आणि पालकांनीही घाईने 'आळशी', 'माणूसघाणा' असा शिक्का मारण्याआधी थोडं बघावं. ज्या गोष्टी आधी आवडायच्या त्या सगळ्यांतूनच मुलाचं मन उडालं असेल, झोप आणि भूक बिघडली असेल, मित्रही नकोसे झाले असतील आणि हे दोन आठवडे टिकून असेल, तर तो सहलीचा प्रश्न नाही. तेव्हा मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावं. 'टेलि-मानस'चा १४४१६ हा सरकारी क्रमांकही आहे, तो फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. या मुलाचं तसं काही नव्हतं. संध्याकाळी फुटबॉल, पोटभर जेवण, मित्रांत खिदळणं, सगळं जागेवर होतं. त्याचं म्हणणं साधं होतं. "मला कुणी विचारलंच नाही कुठे जायचं ते. आणि पप्पा सारखे फोटो काढतात, नाहीतर सांगतात, असं नको, तसं कर. पोहायला गेलो तरी ते पोहायला शिकवणार."

वडिलांना हे मी त्याच्या परवानगीने सांगितलं. ते दुखावले, आणि ते स्वाभाविक होतं. त्यांच्या लहानपणी सहल म्हणजे शाळेची, तीही एखाद्या वर्षी वर्गणीचे पैसे नाहीत म्हणून हुकलेली. आपल्या मुलांना काही कमी पडू नये म्हणून त्यांनी तो रिसॉर्ट शोधला होता. तो राग पैशांचा वाटत होता, मुळात ते दुःख होतं. बायकोसमोर ते हे पहिल्यांदाच बोलले. ताईंनी त्यावर फक्त त्यांच्या हातावर हात ठेवला, आणि त्या भेटीत पुढचं बरंच सोपं झालं.

मग आम्ही कामाला लागलो. अमेरिकेतले दोन अभ्यासक, झॅब्रिस्की आणि मॅककॉर्मिक, यांनी कौटुंबिक करमणुकीचे दोन भाग पाडले आहेत. एक, घरातल्या घरात, कमी खर्चाची, वारंवार होणारी. दुसरी, कधीतरीची, नवी, लांबची. घराला दोन्ही लागतात. पहिल्या प्रकाराने माणसं एकमेकांना सरावतात, दुसऱ्याने बदलाला जुळवून घ्यायला शिकतात. माझ्या अनुभवात मध्यमवर्गीय घरांतून पहिला प्रकार जवळजवळ हद्दपार झाला आहे आणि सगळा भार वर्षातून दोनदा होणाऱ्या दुसऱ्या प्रकारावर पडला आहे. जी माणसं एरवी अर्धा तास एकत्र बसत नाहीत, त्यांनी दोन दिवस एका खोलीत हसतखेळत राहावं अशी अपेक्षा कशी पुरी व्हावी?

म्हणून मी त्यांना कुठे जायला सांगितलं नाही. आठवड्यातली एक संध्याकाळ मागितली, दीड तासाची. अटी मोजक्याच. काय करायचं ते ताईंनी ठरवायचं नाही. खायला त्यांनी करायचं नाही. आणि कुणी कुणाला शिकवायचं नाही, विचारलं तरच सांगायचं.

पहिल्या शनिवारी गाडी अडलीच. काय करायचं कुणालाच सुचेना, सगळे ताईंकडे बघायला लागले. त्या ठरल्याप्रमाणे गप्प बसल्या. (हे फार अवघड जातं. दहा मिनिटांचा कंटाळा सोसवत नाही म्हणून आयाच पुन्हा सूत्रं हातात घेतात.) शेवटी आजी म्हणाल्या, "पत्ते आहेत का घरात?"

आजींना मेंढीकोट येत होता. येत होता म्हणजे पट्टीच्या खेळणाऱ्या! माहेरी उन्हाळ्याच्या दुपारी माजघरात डाव पडायचे ते वाड्यात चहाची वेळ होईपर्यंत. चौघांचा खेळ, समोरासमोरचे जोडीदार, प्रत्येकाला तेरा पानं. चार दश्श्या म्हणजे चार मेंढ्या. तीन मिळवल्या की डाव तुमचा, दोन-दोन झाल्या तर ज्याचे हात जास्त त्याचा, आणि चारही आल्या की समोरच्यावर कोट. हुकूम आधी ठरवायचा नाही. उतारीचं पान ज्याच्याकडे नसेल तो जे पान टाकेल तोच हुकूम, असा त्यांच्या घरचा नियम.

मुलगा आजींचा जोडीदार झाला. तिसऱ्या-चौथ्या डावात त्याच्या लक्षात आलं की आजींना कुठलं पान गेलं, कुठलं राहिलं, सगळं तोंडपाठ असतं. किलवरचा राजा कुणाकडे अडकलाय हे त्या पान न बघता सांगायच्या. "आजी, तू मोजतेस?" "मोजते कसली, बघते. तुझे वडील चांगलं पान आलं की चष्मा वर करतात." सगळे हसले, वडीलही. घरात आजींचं काम आतापर्यंत औषधं घेणं आणि मालिका बघणं एवढंच उरलं होतं. त्या संध्याकाळी त्या घरातल्या सर्वांत हुशार माणूस होत्या. वडीलधाऱ्यांना सोबत नेलं म्हणजे त्यांना सामील करून घेतलं असं होत नाही. त्यांना येणारी एखादी गोष्ट घरात चालू झाली, तर होतं.

पत्तेच का चालले, याचंही कारण आहे. मिहाय चिक्सेंटमिहाय या मानसशास्त्रज्ञाने आयुष्यभर माणसाच्या तल्लीन होण्याचा अभ्यास केला. त्याचं म्हणणं, आव्हान आणि कसब यांचा मेळ बसला की माणूस रमतो. फार सोपं असलं की कंटाळतो, फार अवघड असलं की घाबरतो. मेंढीकोटात सत्तरीची आजी आणि चौदा वर्षांचा नातू, दोघांनाही डोकं लावावं लागतं. शिवाय हातात तेरा पानं धरली की फोन आपोआप बाजूला पडतो. कॅरम, भेंड्या, सागरगोटे, बदाम सात, काहीही चालेल. खेळ कोणता हे महत्त्वाचं नाही, पण सगळ्यांना त्यात कस लागला पाहिजे. मोठ्यांनी नुसतं मुलांचं मन राखायला खेळायचं म्हटलं की मुलांना ते लगेच कळतं.

डाव चौघांचा, घरात माणसं पाच. धाकटीला खेळायचंच होतं. त्यामुळे बाहेर राहिल्या ताई. मला काळजी होती की त्यांना वगळल्यासारखं वाटेल. त्या म्हणाल्या, "दीड तास मला कुणी हाक मारली नाही. मी पाय वर घेऊन बसले आणि त्यांचं भांडण ऐकत होते." पुढे त्यांनी तेवढाच वेळ मैत्रिणींसाठीही काढला. कॉलेजच्या तिघी-चौघी गावातच होत्या, भेटी मात्र लग्नाकार्यात व्हायच्या. आता त्या सकाळी पांडवलेण्याच्या पायऱ्या चढून जातात, तिथे बसून गप्पा मारतात आणि उतरल्यावर मिसळ खातात. घरी आल्यावर आपण कमी चिडतो, असं ताईंचं निरीक्षण आहे, आणि मला ते अगदी पटतं. ज्या आईचे स्वतःचे मित्रमैत्रिणी शाबूत आहेत, ती आनंदाची सगळी मागणी मुलांकडे करत नाही.

मित्रांचा मुद्दा मुलालाही लागू. या वयाच्या मुलांना आईवडिलांबरोबर एकटं दिसायला नको वाटतं, पण एक मित्र सोबत असला की तीच मुलं खुलतात. जानेवारीत कुठे जायचं हे ठरवायची पाळी त्याची होती. त्याने संक्रांतीला येवल्याला, आजींच्या माहेरी, मित्राला घेऊन जायचं ठरवलं. संक्रांतीचे तीन दिवस येवल्यात सगळं गाव गच्चीवर असतं, हलकडी वाजत असते, आणि पतंग काटला की आरोळी उठते. तिथे चक्रीऐवजी आसारी वापरतात, लाकडी, दोन्ही हातांत धरून फिरवायची. नायलॉनच्या मांजावर बंदी आहे आणि असायलाच हवी, त्याने पक्षी आणि माणसं दोन्ही जिवानिशी जातात. यांनी साधा सुती दोरा घेतला. मुलगा आणि मित्र पतंग उडवत होते, वडिलांकडे आसारी होती. उडवणारा सांगेल तेव्हा ढील द्यायची, सांगेल तेव्हा गुंडाळायचं. वडिलांनी ते दिवसभर केलं. फोटो काढायला हात मोकळा नव्हता, हे मुलाने मला मुद्दाम सांगितलं.

सगळं मार्गी लागलं असं नाही. धाकटी हरली की पानं फेकते आणि रुसून बसते. वडिलांनी विचारलं, तिला अधूनमधून मुद्दाम जिंकू देऊ का? मी नको म्हटलं. नऊ वर्षांच्या मुलीला हरण्याचा राग यायचाच, आणि तो घरात, आपल्या माणसांत येऊन जावा हेच बरं. फक्त तिला एकटीला हरावं लागू नये म्हणून जोडीदार बदलायला सांगितलं. सध्या ती आजींच्या समोर बसते, आणि हरल्यावर आजींकडे बघते. आजी म्हणतात, "पिसू का?" ती मान हलवते.

त्यामुळे मुलगा आणि वडील पहिल्यांदाच एका बाजूला आले. त्याने चुकीचं पान टाकलं की वडिलांच्या तोंडावर येतं. मागच्या भेटीत त्यांनी हेच विचारलं, की अशा वेळी काय करू? मी म्हटलं, डाव संपेपर्यंत काही करू नका. संपल्यावर त्यालाच विचारा, ते पान का टाकलंस? कधी कधी त्याच्याकडे कारण असतं.