तापमान नंतर, आधी पाणी

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

ध्रुवाकडच्या वनस्पतींवर काम करायचं म्हणतेस, उत्तम. "बर्फात कसली झाडं?" असं घरी विचारतात ना, तो प्रश्न अगदीच खुळा नाही. अख्ख्या अंटार्क्टिकात मूळची फुलझाडं दोनच. बाकी राज्य शेवाळाचं आणि दगडफुलाचं. आपली मैत्री आणि भारती ही संशोधन ठाणी आहेत त्या बाजूला तर ती दोनही नाहीत. तेव्हा फुलझाडंच हवी असतील तर आर्क्टिक धर. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर २००८पासून आपलं हिमाद्री हे संशोधन ठाणं आहे. तिथली वाळुंज, म्हणजे विलो, जमिनीला चिकटून जेमतेम बोटभर वाढते.

सगळे तापमानाच्या मागे धावतात. तू आधी पाणी बघ. बर्फ कधी वितळला, पाणी मुरलं की वाहून गेलं, यावर झाडाचा हंगाम ठरतो. भर हिवाळ्यात पाऊस पडून वर टणक बर्फाचं कवच धरलं, तर एरवी भुसभुशीत बर्फाखाली सुखरूप असलेल्या कळ्याही दगावतात. म्हणजे ऊब वाढली की हिरवळ वाढते, हे अर्धंच खरं.

१९९०पासून टुंड्रात एक प्रयोग अनेक देशांत मिळून चाललाय. वरून उघडे, तिरप्या पारदर्शक भिंतींचे षट्कोनी कठडे झाडांभोवती ठेवतात. आत एक ते तीन अंश जास्त ऊब राहते. युक्ती झकास, पण तोच कठडा वाराही अडवतो, आणि हिवाळ्यात तिथेच राहिला तर बर्फही साठवतो. मग झाड वाढलं ते उबेनं की आडोशानं? म्हणून शेजारचा उघडा चौकोन तितक्याच निगुतीनं मोजायचा. नवखी मुलं नेमका तोच उरकतात.

सरावाला रत्नागिरीचा कातळसडा, म्हणजे खडकाळ पठार, आहेच. तिकडची झाडं बर्फ वितळण्याची, तशी इथे दिपकाडी ही कंदवर्गी वनस्पती पहिल्या पावसाची वाट बघत असते. मे संपायच्या आत एक मीटरचा चौकोन आख. कातळात खिळा बसत नाही. कोपऱ्यांवर ऑइलपेंटचे ठिपके दे. फोटो रोज त्याच उंचीवरून, स्वतःची सावली पडू न देता. कोंब, कळी, फूल, बी, प्रत्येकाची तारीख लिही. पाऊस दडी मारेल ते दिवसही लिही, तेच पुढे कामाला येतात.

वास्कोच्या ध्रुवीय संशोधन केंद्राच्या जाहिरातींवर लक्ष ठेव. तेही हेडलँड सड्यावरच आहे, बरं का! आणि रंगाचा डबा उघडण्याआधी जागेच्या मालकाला विचार. सात-बाऱ्यावर दहा नावं निघतील. गावात राहतो त्याला गाठ.

तुझे,
सर