रोज चिपळूण-गुहागर, पावसात बागेतला चिखलाचा चढ: जुन्या थारला एलएसडी बसवू की लॉकर?

तुमच्या वापराला माझं मत मागच्या अ‍ॅक्सलला हवेवर चालणारा, बटणाचा लॉकर. डिफरन्शियल म्हणजे दोन चाकांत ताकद वाटणारा गिअरचा भाग; लॉकर त्याला जखडून दोन्ही चाकं एकसारखी फिरवतो, तर एलएसडी (लिमिटेड स्लिप डिफरन्शियल) चाकाच्या घसरण्याला थोडाच आवर घालतो. बटण बंद असलं की गाडी नेहमीसारखीच चालते. आपोआप लागणारा लॉकर स्वस्त पडतो, पण घाटातल्या ओल्या वळणावर तो अचानक लागला तर मागची बाजू झटका देते. रोजच्या गाडीत मला तो नको वाटतो.

क्लचवाला एलएसडी रस्त्यावर छान. पण एक चाक पूर्ण हवेत गेलं की तो जवळजवळ हात टेकतो, आणि शेवाळलेल्या जांभ्यावर नेमकं तेच होतं. (हँडब्रेक थोडा ओढून बघा, कधी कधी तेवढ्यावर भागतं.)

घेण्याआधी अ‍ॅक्सल शाफ्टचे दाते मोजून घ्या. मॉडेलप्रमाणे ते बदलतात, आणि लॉकर त्यांनाच जुळायला हवा.

खरी मेख बसवण्यात आहे. क्राऊन-पिनियनचा (डिफरन्शियलमधल्या दोन मुख्य गिअरचा) बॅकलॅश, म्हणजे दात्यांमधली मोकळीक, डायल गेजवर मोजून शिम (पातळ चकत्या) टाकणारा मिस्त्रीच शोधा. "अंदाजाने बसवतो" म्हणाला तर गाडी परत फिरवा, नाहीतर महिन्याभरात डिफरन्शियल रडायला लागेल. बेअरिंग त्याच वेळी नवीन टाका. पहिल्या हजारेक किलोमीटरनंतर ऑइल बदला.

ब्रीदरची (अ‍ॅक्सलमधली हवा बाहेर सोडणारी) नळी वर, बोनेटपर्यंत न्या. पऱ्ह्यातून (ओढ्यातून) गाडी काढल्यावर ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. लॉकरला हवा देणारा कॉम्प्रेसर मात्र खाली चॅसिसला लावू नका, खारी हवा आणि चिखल त्याला खातात.

आणि टायर गुळगुळीत असतील तर आधी तेच बदला, लॉकर नंतर.