मामांच्या माळ्यावरच्या २३ कॅसेट, आणि दुर्मिळ म्हणायचं कशाला

निपाणीच्या ज्या मुलानं काल विचारलंय, त्याला हे उत्तर. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मामांच्या जुन्या घराचा माळा उतरवताना त्याला बुटाच्या खोक्यात व्हिडिओ गेमच्या २३ कॅसेट आणि पीएस-टूची, म्हणजे सोनीच्या प्लेस्टेशन २ या गेमयंत्राची, एक डीव्हीडी सापडली. मारिओची कॅसेट कोटींना गेल्याची बातमी त्यानं वाचलीय, आणि त्याच्या खोक्यात मारिओ चार आहेत. तर दुर्मिळ कुठली, किंमत किती येईल, आणि फोटो काढायच्या आधी सगळं पुसून-बिसून घेऊ का, असे त्याचे तीन प्रश्न.

तिसऱ्याचं उत्तर आधी देतो. पुसू नकोस. रॉकेल नको, नेलपॉलिश काढायचं पाणी तर अजिबात नको. का ते शेवटी सांगतो.

आता ती बातमी. खरी आहे. जुलै २०२१ मध्ये अमेरिकेतल्या लिलावात 'सुपर मारिओ ६४' ची एक प्रत १५ लाख ६० हजार डॉलरला गेली, तेव्हाच्या दरानं साडेअकरा कोटींच्या घरात. खरं तो खेळ दुर्मिळ अजिबात नाही. निन्टेन्डो ६४ या गेमयंत्रावर सगळ्यात जास्त खपलेला तोच, कोटीच्या वर प्रती गेल्या. लिलावातली प्रत कारखान्यातून आली तशी, वरचं प्लॅस्टिकसुद्धा न फोडलेली होती, आणि तपासणाऱ्यांनी तिला १० पैकी ९.८ गुण दिले होते. पैसे पडले ते पंचवीस वर्षं कुणी हात न लावल्याचे. पोरांसाठी आणलेली वस्तू कोण अशी ठेवतो? दिवाळीचे फटाके आपल्याकडं तुळशीच्या लग्नापर्यंत टिकत नाहीत.

मला स्वतःला ही काचेसारख्या पेटीत बंद करून गुण लावलेली खोकी बघून काही होत नाही. बरणी फोडायचीच नाही म्हणून लोणचं विकत घेतल्यासारखं वाटतं. २०२१ नंतर त्या बाजारातला फुगा बराच उतरलाही. तुझ्या चार मारिओंचा आणि त्या बातमीचा एवढाच संबंध, की दोघांचं नाव एक.

नुसतं कमी असणंही पुरत नाही. याला माझं आवडतं उदाहरण 'स्टेडियम इव्हेंट्स'. १९८७ मध्ये बांडाई कंपनीनं अमेरिकेत एनईएससाठी, म्हणजे निन्टेन्डोच्या जुन्या गेमयंत्रासाठी, हा खेळ काढला. जमिनीवर चटई अंथरायची आणि तिच्यावर पळायचं, म्हणजे पडद्यावरचा माणूस पळतो. निन्टेन्डोला ती चटई आवडली. त्यांनी हक्क घेतले, दुकानातला माल काढून घेतला आणि १९८८ मध्ये तोच खेळ नाव बदलून 'वर्ल्ड क्लास ट्रॅक मीट' म्हणून विकला. मधल्या काळात मोजक्या प्रती लोकांच्या घरी गेल्या होत्या, त्या आज हजारो डॉलरला जातात. नाव बदललेला खेळ चहा-भजीच्या पैशात मिळतो. गंमत पुढंच आहे. युरोपात 'स्टेडियम इव्हेंट्स' जुन्याच नावानं विकला गेला, आणि त्या प्रतीला अमेरिकेतल्या प्रतीच्या पासंगालाही न पुरणारी किंमत येते. खेळ एकच, पळायचं तेवढंच. फरक पडतो तो अमेरिकेत एनईएसच्या खेळांचा अख्खा संच पुरा करणारे लोक भरपूर आहेत आणि त्यांची शेवटची रिकामी जागा नेमकी हीच असते, म्हणून. घेणारा आधी असावा लागतो. माझ्या आजोबांनी उंबरठ्यावर ठोकलेला नालही जगात एकच आहे, त्याला कोण विचारतो?

मोजून काढलेल्या वस्तूंचं वेगळं. १९९० च्या निन्टेन्डो वर्ल्ड चॅम्पियनशिप्स या स्पर्धेच्या राखाडी कॅसेट ९० आणि मासिकातल्या स्पर्धेतून वाटलेल्या सोनेरी २६. आकडा ठाऊक असल्यामुळं तिथं वादच नाही. असल्या वस्तू माळ्यावर सापडत नाहीत, तेव्हा पुढं जाऊ.

याच्या उलट टोकाला अटारीचा 'ई.टी.', १९८२ चा. इतका छापला की खपेना, आणि १९८३ मध्ये न्यू मेक्सिकोत अलामोगोर्डोच्या कचरा डेपोत दुसऱ्या पडीक मालाबरोबर पुरला. लोक म्हणतात, पुरला म्हणजे दुर्मिळ. कसला! अमेरिकेत जुन्या बाजारात तो बटाट्यासारखा मिळतो. पण २०१४ मध्ये तो खड्डा खणला, आणि निघालेल्या चेपक्या, मातीनं माखलेल्या प्रती त्या गावानं दाखल्यासकट विकल्या. त्यातली एक दीड हजार डॉलरला गेली. दुकानातल्या स्वच्छ प्रतीपेक्षा कचऱ्यातली महाग, कारण ती कुठनं आली ते कागदावर आहे. हे ध्यानात ठेव, तुझ्या खोक्याशी याचा संबंध आहे.

आणि कागद म्हणालो तर पुठ्ठ्याचंही ऐक. सगळ्यात आधी नाहीसं होतं ते खोकं. 'अर्थबाउंड' हा १९९५ चा खेळ अमेरिकेत जाडजूड मार्गदर्शक पुस्तकासकट मोठ्या खोक्यात यायचा. पोरांनी खोकं फाडून टाकलं, पुस्तक शाळेत नेलं, कॅसेट तेवढी उरली. आज नुसती कॅसेट आणि खोकं-पुस्तकासकट असलेली, यांच्या भावात कित्येक पटींचा फरक आहे. तेव्हा त्या बुटाच्या खोक्याच्या तळाशी घडी घातलेला एखादा कागद, पावती, फाटकं पुस्तक असेल तर ते फेकू नकोस.

आता आपल्या मुलखाकडं येऊ.

नव्वदच्या दशकात बेळगाव, निपाणी, चिक्कोडीकडं घरोघरी जे टीव्ही गेम आले, मीडिया म्हण, लिटल मास्टर म्हण, ते जपानच्या फॅमिकॉमच्या, म्हणजे एनईएसच्या जपानी अवताराच्या, नकला होते. फॅमिकॉमच्या कॅसेटला ६० पिना, अमेरिकेच्या एनईएसला ७२. तुझ्या फोटोतल्या पिवळ्या, लाल, निळ्या कॅसेट ६० पिनांच्या आहेत आणि बहुतेक सगळ्या नकली. '९९९९९९९ इन १' लिहिलेली तर आहेच की. आत मोजून पाच-सात खेळ, तेच आकडा बदलून पुन्हा पुन्हा. एकदा टँक पहिल्या पातळीपासून, एकदा तिसऱ्या. आम्ही ४०० पर्यंत तपासून बघितलं होतं, मे महिन्याच्या सुट्टीत दुसरं काम काय होतं?

असली माल इकडं यायचे रस्ते माझ्या माहितीत दोन. एक गोव्याचा. तिकडचे तारवटी जहाजावरनं घरी येताना पोरांना घेऊन यायचे, मग घरात कंटाळा आला की वस्तू म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात, आणि तिथनं चोर्ला घाट चढून इकडं. दुसरा आमच्या बेळगावच्या कॅम्पातला. लष्करातली कुटुंबं बदली झाली की सामान कमी करायची. माझा मेगा ड्राइव्ह, सेगा कंपनीचं गेमयंत्र, तसाच आला, एका मेजरांच्या घरचा, कुकर आणि दोन खुर्च्यांबरोबर.

तुझ्याकडं ती एकच काळी कॅसेट मेगा ड्राइव्हची दिसतेय, 'सोनिक'. असली की नकली ते असं बघ. मागच्या बाजूला स्क्रू आहेत, त्यांची डोकी खोल भोकात आणि सहा कंगोऱ्यांची. साधा पेचकस लागत नाही. त्याचा पाना ऑनलाइन मिळतो. आम्ही रिफिल काढलेल्या बॉलपेनचं प्लॅस्टिक मेणबत्तीवर मऊ करून त्या डोक्यावर दाबायचो आणि थंड होईपर्यंत धरून ठेवायचो. तयार झाला पाना. एकदोन वेळा चालतो, मग घसरतो. उघडल्यावर आत हिरवी पाटी दिसेल. तिच्यावर सेगाचं नाव आणि चौकोनी, पायवाली चिप असेल तर बहुतेक असली. डांबराचा थेंब टाकल्यासारखा काळा गोळा असेल तर नकली समज. असली निघाली तरी हुरळू नकोस, 'सोनिक' जगात ढिगानं आहे. एका रात्रीचं मटण येईल.

विकण्याजोगी वस्तू तुझ्या खोक्यात एकच, आणि ती तू शेवटच्या ओळीत लिहिलीस. ती डीव्हीडी. 'हनुमान: बॉय वॉरियर', २००९, हैदराबादच्या ऑरोना टेक्नॉलॉजीजनं केलेला खेळ. पीएस-टूसाठी पूर्णपणे भारतात बनलेला पहिला म्हणून त्याचा गाजावाजा झाला होता. खेळायला यथातथाच. पण त्याच काळात 'देसी अड्डा' आला, कबड्डी आणि विटी-दांडूवाला, २०११ मध्ये 'रा.वन' आला, आणि हे खेळ मुख्यतः भारतातच विकले गेले. पीएस-टू जगात १५ कोटींच्या वर खपला, त्याचा संच पुरा करणारे लोकही तितकेच वेडे, आणि त्यांना हे भारतातले खेळ तिकडं मिळत नाहीत. आपल्याकडं तेव्हा असली डीव्हीडी घेत होतं कोण? खडेबाजारात साठ-सत्तर रुपयांना कॉपी मिळायची. म्हणून आज असली प्रती कमी.

तुझी असली आहे का ते बघायला चकचकीत बाजूला मधल्या भोकाभोवतीचं कडं बघ. छापील तबकडीवर तिथं बारीक आकडे-अक्षरं कोरलेली असतात. घरी भरलेली डीव्हीडी जांभळट दिसते आणि भरलेल्या भागाचा पट्टा वेगळा ओळखू येतो. मग ती ट्यूबलाइटसमोर धर. सुईच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले तर आतला थर गेलाय. पुस्तिका आत आहे का, डबीवरचा कागद उन्हानं उडालाय का, तेही बघ. भाव काढताना लोक मागतात ते आकडे बघू नकोस, विकून झालेल्यांचे बघ. मागायला काय, कुणीही लाख मागतो.

साठवणीचं सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण मी स्वतः शेण खाल्लंय. ऑगस्ट २०१९ चा पाऊस तुमच्याकडंही आठवत असेल. माझी खोकी तेव्हा खानापूरच्या घरी भिंतीला लागून होती. भिंत पाझरली. मेगा ड्राइव्हच्या सहा पुस्तिका भिजल्या, आणि मी शहाण्यानं दोन दिवसांनी ऊन पडल्यावर त्या अंगणात पापडासारख्या वाळत घातल्या. पानं एकमेकांना चिकटली, वर तांबडे-काळे ठिपके उठले. आई म्हणाली, "काय करालाईस रे हे उन्हात? सावलीत पंख्याखाली घालायचं की." बरोबर होतं तिचं. पानापानात कोरा कागद घालून सावलीत वाळवल्या असत्या तर चार तरी वाचल्या असत्या. आता सगळं लोखंडी कपाटात, भिंतीपासून वीतभर लांब, बुटाच्या खोक्यातल्या त्या ओल शोषणाऱ्या पुड्या टाकून. तुमच्या निपाणीला पाऊस आमच्यापेक्षा कमी, पण तंबाखूच्या वखारीजवळ ठेवू नकोस. कसर लागणार नाही म्हणतील, खरं कागदाला बसलेला वास जन्मात जात नाही, आणि बाहेरचा गिऱ्हाईक पहिलं तेच विचारतो.

कॅसेट लागत नसेल तर पिनांवर फुंकर मारायची आपली जुनी सवय सोड, तोंडातल्या वाफेनं पिना गंजतात. मोबाइल दुरुस्तीवाल्याकडं आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं, कानातल्या कापसाच्या काडीला लावून पिना तेवढ्या पूस. फक्त पिना.

म्हणजे आता पुसू नको म्हणालो त्याचं कारण. तुझ्या तिसऱ्या फोटोत, डाव्या कोपऱ्यात 'कॉन्ट्रा' आहे. कोड टाकून ३० जीव घ्यायचे ती. कॅसेट नकली, लेबल अर्धं गेलेलं, बाहेर कुणी दोनशे रुपये देणार नाही. तिच्या पाठीवर पिवळा गोल स्टिकर आहे, तो मोठा करून बघ. बेळगाव, सहा आकडी फोन नंबर, आणि बॉलपेननं लिहिलेला ९. शहापुरात एक भाड्यानं गेम देणारं दुकान होतं, आता तिथं मोबाइल कव्हरं लटकलेली असतात. ५० रुपये अनामत, दिवसाला १० रुपये. मालक कॅसेटच्या एका बाजूला मराठी आकडा घालायचे आणि दुसऱ्या बाजूला कानडी, दोन्हीकडचं गिऱ्हाईक म्हणून. त्या दुकानाच्या ४, ११, १२ आणि १७ नंबरच्या कॅसेट माझ्याकडं आहेत. वहीत एकूण वीस होत्या, असं त्यांच्या मुलानं मला सांगितलंय. ९ नंबर मी आठ वर्षं शोधतोय.

विकणार असशील तर किंमत तू सांग, मी घासाघीस करणार नाही. नाहीतर बदल्यात माझ्याकडची 'डक हंट' या बदकं मारायच्या खेळाची बंदूक घे, डब्यासकट आहे. आजच्या चपट्या टीव्हीवर ती चालत नाही, जुना काचेचा टीव्हीच लागतो, हे आधीच सांगून ठेवतो.

आणि मामांना विचार, कॅसेट परत का केली नाही ते. त्यांचे ५० रुपये अजून दुकानातच आहेत.